छोटा कोड, मोठी किल्ली

‘परवलीचा शब्द जितका लांब, तितका सुरक्षित’ हे वाक्य आपण वर्गात सांगतो. मग एखादी चौकस मुलगी विचारते, नवं यंत्र जुन्याला जोडताना चारदोन अक्षरांचा कोड टाकून कसं भागतं? ‘तो कोड थोडाच वेळ चालतो ना!’ हे त्यावरचं नेहमीचं उत्तर. ते चूक नाही, पण अपुरं आहे. खरा प्रश्न असा, की चोराला आपला अंदाज बरोबर आहे का हे घरी बसून तपासता येतं का? यासाठी आता बंद झालेल्या एका रचनेचं परीक्षण करणं उपयोगाचं ठरेल.

२०११ साली फायरफॉक्स ब्राउझरच्या चौथ्या आवृत्तीत ‘सिंक’ नावाची सोय आली. आपल्या खुणा, पाहिलेल्या पानांची यादी, साठवलेले पासवर्ड हे सगळं घरच्या संगणकावर आणि फोनवर सारखं राहावं, हा तिचा उद्देश. माहिती आपल्याच यंत्रावर कुलूपबंद होऊन मोझिलाच्या सर्व्हरवर जाई आणि किल्ली सर्व्हरला ठाऊक नसे. ही किल्ली सव्वीस अक्षरांची. ती, खात्याचं नाव आणि पासवर्ड, एवढं सगळं नव्या फोनवर हाताने टाकायचं म्हणजे शिक्षाच.

त्यावर काढलेला तोडगा सुंदर होता. नवं यंत्र बारा अक्षरांचा कोड दाखवी आणि तो आपण जुन्या यंत्रावर टाकायचा. त्यातली चार अक्षरं सर्व्हरवर दोघांनी कुठं भेटायचं हे सांगणारी, म्हणजे गुपित फक्त आठ अक्षरांचं. हा कोड नेटवरून जातच नसे. तो एका पडद्यावरून आपल्या डोळ्यांत आणि तिथून बोटांत येई.

आता यामागचं गणित. फेंग हाओ आणि पीटर रायन यांनी २००८ साली ‘जे-पेक’ ही पद्धत मांडली. (मूळ कल्पना बेलोविन आणि मेरिट यांची, १९९२ मधली.) दोन्ही यंत्रं आपापल्या प्रचंड मोठ्या यादृच्छिक संख्या निवडतात, त्यांत कोड मिसळतात आणि आकडेमोडीचे परिणाम एकमेकांना पाठवतात. कोड दोन्हीकडे एकच असेल, तरच दोघांना एकसारखी मोठी किल्ली मिळते. वाटेत कुणी हा सगळा संवाद टिपून घेतला, तरी त्यावरून कोडचा एकही अंदाज पडताळता येत नाही. चोराला स्वतः संवादात घुसावं लागतं, आणि तेही एकाच अंदाजाच्या बळावर. तो चुकला की जोडणी फसते, आपल्याला ते कळतं आणि पुढच्या खेपेला कोड नवा असतो.

म्हणजे छोटा कोड ही किल्ली नव्हेच. ‘बोलणारा माझाच माणूस आहे’ हे पटवणारी ती खूण आहे. पुस्तकांत दिसणारी कुलूप-किल्लीची उपमा इथं दिशाभूल करते.

ही अट मोडली की काय होतं, याचे दोन दाखले मुलांना जरूर द्यावेत. ब्लूटूथच्या जुन्या जोडणीत चार अंकी पिन असे आणि टिपलेल्या संवादावरून अंदाज तपासता येई. २००५ साली शाकेद आणि वूल यांनी साध्या पेंटियम-४ संगणकावर तो सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळात शोधून दाखवला. वायफाय जोडण्याच्या ‘डब्ल्यूपीएस’ पद्धतीत तर आठ अंक होते. म्हणजे दहा कोटी शक्यता? नाही. शेवटचा अंक केवळ पडताळणीचा, आणि राउटर पहिले चार अंक बरोबर आहेत की नाहीत हे वेगळं सांगून टाकी. मग उरल्या १०,००० अधिक १,०००, म्हणजे फक्त ११,००० शक्यता. श्टेफान फीबॉक याने हे २०११ साली उघड केलं. हा हिशेब नववीच्या वर्गातही फळ्यावर मांडता येईल. संभाव्यतेच्या पाठातल्या फाशांपेक्षा मुलं इथं जास्त रमतील.

तर सिंकचं गणित निर्दोष होतं. तरीही २०१४ साली मोझिलाने ही पद्धत सोडली. कारण गणितात नव्हतं. ज्यांच्याकडे एकच संगणक होता, त्यांनीही सिंक सुरू केलं होतं. आपली माहिती सर्व्हरवर जपून ठेवली आहे, असा त्यांचा समज. संगणक बिघडला की ते नव्यावर ईमेल आणि पासवर्ड टाकून माहिती परत मागत. पण कोड टाकायला जुनं यंत्रच उरलेलं नसे, आणि सव्वीस अक्षरं कागदावर लिहून ठेवणारे किती असणार! माहिती सर्व्हरवर असे, पण न उघडणारी. दोन यंत्रं हाताशी आहेत हे रचनाकारांनी गृहीत धरलं होतं. या गृहीतकाची वापरणाऱ्याला नीट जाणीव करून दिली गेली नाही, हा माझ्या मते या रचनेचा मोठा दोष.

नव्या पद्धतीत किल्ली वापरणाऱ्याच्या पासवर्डवर आधारली गेली. सोय झाली, पण पासवर्ड कच्चा असेल आणि सर्व्हरवरची माहिती कुणी पळवली, तर तो घरी बसून अंदाज तपासू शकतो. जे दार जे-पेकने बंद केलं होतं, ते थोडं किलकिलं झालं. ही देवघेव योग्यच होती असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण माहिती गमावलेल्या माणसाला जुन्या पद्धतीचं कौतुक सांगून उपयोग नव्हता.

मोझिलाच्या या बदलावर काम करणाऱ्या ब्रायन वॉर्नरने २०१६ साली ‘मॅजिक वर्महोल’ हे छोटं साधन पायकॉन परिषदेत सादर केलं. एका संगणकावरून दुसऱ्यावर फाइल पाठवायची, कोड म्हणून एक आकडा आणि दोन इंग्रजी शब्द. शब्दांच्या शक्यता फक्त ६५,५३६, आणि अंदाज एकच. इथं दोन्ही यंत्रं चालू असतात आणि काम झालं की संबंध संपतो. तेच तत्त्व, पण या कामाला ते नेमकं बसलं.