दुखणं तालात: भारूड आणि स्का

आज भारुडाबद्दल बोलायचंय, आणि जोडीला स्का नावाच्या जमैकन संगीताबद्दल. हिंगोलीत बसून जमैकाच्या गाण्याचं काय करायचं, असं कुणी म्हणेल. जरा धीर धरा.

नाथांचं विंचवाचं भारूड आपण सगळ्यांनी ऐकलंय. कामक्रोधाचा विंचू चावलेला माणूस कळवळत येतो. टाळ-पखवाज काही थांबत नाहीत. तो विव्हळतो तेही तालात, आणि टाळकऱ्यांनी पालुपद उचललं की कळ पुन्हा हजर! आपण हसतो. खरं तर शब्द आपल्याला पाठ असतात. चुटकुला दुसऱ्यांदा सांगितला तर पडतो. भारूड पन्नासाव्यांदा ऐकलं तरी हसवतं. म्हणजे हसू नुसतं शब्दांत नाही, ठेक्यातही आहे.

कांट हा मोठा गंभीर तत्त्वज्ञ. पण १७९० च्या आपल्या ग्रंथात त्याने संगीत आणि विनोद यांचा विचार एकाच ठिकाणी केलाय. ताणलेली अपेक्षा एकदम शून्यात विरली की हसू येतं, असं तो म्हणतो.

आता स्का बघा. १९५० च्या दशकाच्या अखेरीस किंग्स्टन शहरात हे संगीत घडलं. हाताने टाळी देत एक, दोन, तीन, चार मोजा. जिथे टाळी पडते तिथे गिटार गप्प. दोन टाळ्यांच्या मधल्या जागेत ती 'चक्' करते. अपेक्षा होती तिथे काही नाही, नव्हती तिथे आवाज! कांटची व्याख्या पायांना कळते, आणि माणूस उड्या मारायला लागतो.

पुढे १९७९ च्या सुमारास इंग्लंडमध्ये स्काची नवी लाट आली. त्यातला मॅडनेस हा लंडनचा बँड गमत्या म्हणून प्रसिद्ध. 'बॅगी ट्राउझर्स'च्या चित्रफितीत त्यांचा सॅक्सोफोनवाला चक्क हवेत उडतो. मला विचाराल तर तिथे उडणं लक्षात राहतं, गाणं मागे पडतं. पण त्याच वर्षीचं, १९८० चं, 'एम्बॅरसमेंट' ऐका. सॅक्सोफोनवादक ली थॉम्पसन यांच्या घरातलीच गोष्ट: बहिणीला कृष्णवर्णीय पुरुषापासून दिवस गेलेत आणि घरच्यांना लाज वाटतेय. चाल मात्र नाचरी. आपण नाचता नाचता त्या लाजेच्या शेजारी जाऊन उभे राहतो. उपदेशाने हे झालं नसतं.

कुणी म्हणेल, अशाने दुःख स्वस्त होत नाही का? मला वाटतं, नाही. एकट्याचं विव्हळणं आपण लांबून बघतो. तालात आलेलं विव्हळणं टाळकऱ्यांसोबत आपणही उचलतो. विंचू मग त्याचा एकट्याचा राहत नाही.

म्हणून माझी एक तक्रार आहे. हल्ली कितीतरी कार्यक्रमांत भारूड मध्येच थांबवतात, मोबाइलवरचा चुटकुला सांगतात, टाळ्या घेतात आणि पुन्हा ताल धरतात. लोक हसतात, नाही असं नाही. पण ते हसू चुटकुल्याचं. विंचू तेवढ्यात निघून गेलेला असतो.

पुढच्या वेळी भारूड ऐकाल तेव्हा एवढंच बघा: हसू आलं तेव्हा टाळ चालू होते की थांबले होते?

बरं, आता तुमचे प्रश्न घेऊ.