देह कन्नड, संत मराठी, कंठ तिसराच: राजकुमारांच्या संतभूमिकांविषयी

बंगळुरूच्या राजाजीनगरातील एका प्रमुख रस्त्याला डॉ. राजकुमार (१९२९-२००६) यांचे नाव दिलेले आहे. मराठी अभ्यासकाने या नावापाशी थांबावे, याचे कारण केवळ त्यांची लोकप्रियता नव्हे. कन्नड अस्मितेचे प्रतीक ठरलेल्या आणि १९८२ मध्ये गोकाक चळवळीचे नेतृत्व करणाऱ्या या नटाने दोन मराठी संत कन्नड पडद्यावर उभे केले: ‘संत तुकाराम’मध्ये (१९६३) तुकोबा आणि ‘भक्त कुंबार’मध्ये (१९७४) तेरचे गोरोबा. सीमावादात परस्परविरोधी ठरवल्या गेलेल्या दोन परंपरा येथे एका देहात भेटतात. मात्र त्या एका कंठात भेटत नाहीत. या फारकतीचा अर्थ लावणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

‘गायक-नट’ ही मराठी रंगभूमीची लाडकी संकल्पना होय. ‘संगीत शाकुंतल’ (१८८०) रंगभूमीवर आणणाऱ्या अण्णासाहेब किर्लोस्करांचे जन्मगाव गुर्लहोसूर आज कर्नाटकात आहे, हेही येथे ध्यानात घेण्याजोगे. या परंपरेत भूमिका आणि गळा अभिन्न मानले गेले. ‘धर्मात्मा’मधील (१९३५) बालगंधर्वांचा एकनाथ आणि प्रभातच्या ‘संत तुकाराम’मधील (१९३६) विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम स्वतःच्याच आवाजात गातात.

राजकुमारांची जडणघडणही नाटक कंपनीतलीच. वडील नट, गुब्बी वीरण्णांच्या कंपनीचा संस्कार आणि अंगी गाणे. परंतु ‘बेडर कण्णप्पा’पासून (१९५४) ते चित्रपटाचे नायक झाले, तोवर पार्श्वगायन रूढ झाले होते. दोन्ही मराठी संतांना आवाज लाभला तो पी. बी. श्रीनिवास यांचा, ते मूळचे काकीनाड्याचे, तेलुगुभाषक. मराठी संत, कन्नड देह आणि तेलुगुभाषकाचा कंठ असा हा त्रिवेणी संयोग. १९७४ च्याच ‘संपत्तिगे सवाल’नंतर राजकुमार स्वतःसाठी नियमित गाऊ लागले आणि ‘जीवन चैत्र’मधील (१९९२) गीतासाठी त्यांना सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

मग आधीच्या संतभूमिका अपुऱ्या मानायच्या काय? संगीत नाटकाच्या निकषाने कदाचित मानाव्या लागतील. पण तो निकष वारकरी परंपरेचा नाही. कीर्तनकार तुकोबांची नाममुद्रा स्वतःच्या कंठाने उच्चारतो आणि टाळकरी ती उचलून धरतात. अभंगाचा कर्ता एक, गाणारे अनेक. तेथे आवाज नेहमीच उसना असतो आणि त्यात कोणाला उणेपणा वाटत नाही. या दृष्टीने पार्श्वगायन संगीत नाटकापेक्षा कीर्तनाला अधिक जवळचे ठरते.

कन्नड प्रेक्षकाला विठ्ठल परका नव्हताच. पुरंदरदासांच्या मुद्रेतच तो आहे. त्यामुळे तुकोबा कर्नाटकात पाहुणे म्हणून नव्हे, तर ओळखीच्या दैवताचे आप्त म्हणून आले असावेत. या आपलेपणात एक धोकाही संभवतो: ओळखीचा भक्त जवळ येताना देहूचा भांडणारा कुणबी मागे राहू शकतो. म्हणून तौलनिक अभ्यासाने आवाज कोणाचा, एवढ्यावर न थांबता, त्या आवाजात तुकोबांचे कोणते भांडण पोहोचले आणि कोणते वाटेत गळाले, हे पाहावे. भाषांतराची खरी कसोटी तेथे आहे.