नोंदीतील गोवंडी : पत्ता आणि शब्द

गोवंडी स्थानकावरून देवनारकडे जाणाऱ्या रस्त्यावर आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. 1956 साली स्थापन झालेल्या या संस्थेने राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे काम 1992-93 च्या पहिल्या फेरीपासून सांभाळले. 2019-21 च्या पाचव्या फेरीत 6,36,699 कुटुंबांची माहिती गोळा झाली. भारतीयांच्या आरोग्याविषयी लिहू इच्छिणाऱ्या संशोधकाला या सामग्रीला वळसा घालून पुढे जाता येत नाही. तथापि याच संस्थेच्या परिसरातील शिवाजीनगर, बैंगनवाडी, रफीनगर या वस्त्यांविषयी ही सामग्री काय सांगते, असे विचारल्यास हाती फारसे काही लागत नाही. पाहणीचे निष्कर्ष जिल्ह्यापर्यंत खाली येतात आणि तेथे थांबतात. आणि गोवंडीचा जिल्हा म्हणजे मुंबई उपनगर. 2011 च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या 93,56,962 होती. जुहूचे बंगले, मुलुंडच्या सोसायट्या आणि देवनारच्या कचराभूमीला खेटून असलेल्या गल्ल्या यांची मिळून जी सरासरी निघते, ती यांपैकी कोणाचीच नसते.

हा त्या पाहणीचा दोष म्हणणे अन्यायाचे होईल. नमुना पाहणी ज्या प्रश्नासाठी आखली जाते त्याच प्रश्नाचे उत्तर देते. शिवाय याच संस्थेने 2005-06 च्या फेरीत मुंबईसह आठ शहरांत झोपडपट्टी आणि झोपडपट्टीबाहेरील वस्ती यांचे आकडे वेगळे काढून दाखविले होते. दोष आहे तो वाचनाच्या सवयीत. रुग्णालयाचा केसपेपर असो वा पाहणीची प्रश्नावली, तिचे संशोधनयोग्य सामग्रीत रूपांतर होताना दोन गोष्टी सर्वप्रथम गळून पडतात. एक पत्ता आणि दुसरी रुग्णाच्या तोंडचे शब्द. गळतात हे संशोधकास ठाऊक असते. परंतु त्यामुळे केवळ तपशील कमी झाला, अर्थ तसाच राहिला, असे तो गृहीत धरतो. हे गृहीतच तपासावयास हवे.

प्रथम पत्त्याचा विचार करू जाता, तो गाळण्यामागे सबळ कारण आहे हे मान्य केले पाहिजे. क्षय, एचआयव्ही किंवा गर्भपात यांची नोंद घराच्या खुणेसह बाहेर पडली, तर त्या घराला शेजारात राहणे अवघड होते. म्हणून अशा पाहण्यांच्या आंतरराष्ट्रीय प्रघातानुसार नमुना-वस्तीचे नकाशावरील स्थान हेतुपुरस्सर हलविले जाते. शहरी वस्तीचे दोन किलोमीटरपर्यंत, ग्रामीण वस्तीचे सामान्यतः पाच किलोमीटरपर्यंत. खेड्यात याने फारसे बिघडत नाही. परंतु गोवंडीत दोन किलोमीटर म्हणजे काय? बैंगनवाडीचा बिंदू तेवढा सरकला, तर तो चेंबूरच्या झाडीत जाऊन बसेल किंवा खाडीच्या कडेला. रुग्णाची ओळख झाकण्यासाठी टाकलेला पडदा येथे रोगाचे कारणही झाकतो.

हे कारण किती सूक्ष्म ठिकाणी असू शकते, ते याच भागातील एका अभ्यासावरून दिसून आले. विस्थापित झोपडीवासीयांसाठी गोवंडी-मानखुर्द परिसरात उभारलेल्या नटवर पारेख कंपाउंड आणि लल्लूभाई कंपाउंड या वसाहतींची तुलना पीएमजीपी वसाहतीशी करणारा अभ्यास ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने 2018 मध्ये प्रसिद्ध केला. पहिल्या दोन वसाहतींत इमारती एकमेकींना इतक्या चिकटून आहेत, की खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा पोचत नाही. आणि क्षयाचे प्रमाण तेथे पीएमजीपीपेक्षा पुष्कळच अधिक आढळले. आता येथे काय घडते ते पाहावे. पक्की इमारत असल्यामुळे ही कुटुंबे ‘झोपडपट्टी’च्या रकान्यात बसत नाहीत. पत्त्याची ओळ पुसली की इमारत जाते; इमारत गेली की मजला जातो. ज्या एका शब्दात रोगाचा ठाव होता, तो ‘तळमजला’ हा शब्द गोपनीयतेच्या नावाखाली प्रथम खोडला जातो. घराचा क्रमांक खोडूनही मजला ठेवता येतो, एवढी साधी गोष्ट संहिताकाराच्या ध्यानात येत नाही. कारण त्याच्या लेखी मजला हा पत्त्याचा भाग असतो, रोगाचा नव्हे.

शब्दांची गोष्ट याहून नाजूक आहे. 2019-21 च्या पाहणीची प्रश्नावली अठरा भाषांत विचारली गेली. एवढे भाषांतर झाले की भाषेचा प्रश्न सुटला, असा समज वैद्यकीय लेखनात सर्रास आढळतो. वस्तुतः तो तेथे सुरू होतो. मुलाला ताप होता काय, या प्रश्नावर मराठी आई ‘ताप नाही, नुसती कणकण होती’ असे म्हणेल. कणकण हा ताप की तापाचा अभाव? रकान्यात मात्र ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच लिहिता येते. श्वासाविषयी विचारताना ‘दम लागतो का’ म्हटले तर ऐकणाऱ्याच्या मनात दमा उभा राहतो. ‘धाप लागते का’ म्हटले तर जिना चढल्यानंतरची स्थिती. ‘छातीत भरले आहे’ हे बालकाच्या न्यूमोनियाच्या जवळ जाणारे वर्णन असले, तरी प्रश्नाच्या शब्दांशी ते जुळत नाही. गोवंडीत तर मराठीच्या बरोबरीने उत्तरेकडून आलेल्या कुटुंबांची हिंदी-उर्दू नांदते. 2022 च्या ऑक्टोबरपासून येथे गोवराची साथ पसरली आणि बालके दगावली. गोवराला कोणी ‘खसरा’ म्हणेल, आणि ‘छोटी माता’ हा शब्द कोठे कांजिण्यांना तर कोठे गोवराला लावला जातो. पुरळासह ताप आलेल्या बालकांचा शोध घेणारी आरोग्यसेविका दारात कोणता शब्द उच्चारते, यावर त्या दिवशीची रुग्णसंख्या अंशतः अवलंबून असते.

क्षयाविषयी पाहणीत घरातील एका व्यक्तीला कुटुंबातील सर्वांबद्दल विचारले जाते. ज्या घरात लग्नाची मुलगी आहे, तेथे ‘टीबी’ हा शब्द उच्चारला जाईलच असे नाही. तेव्हा त्या रकान्यातील आकडा हा क्षयाचा आकडा नसून क्षय सांगितला गेल्याचा आकडा होय. निबंधात हा भेद बहुधा तळटीपेत राहतो आणि निष्कर्षात नाहीसा होतो.

याहून निराळे करता येते, हे महाराष्ट्रातच सिद्ध झालेले आहे. मुंबईची कर्करोग नोंदणी 1963 मध्ये सुरू झाली. ती मुख्यतः रुग्णालयांच्या कागदांवर उभी राहिली, आणि शहरात ते शक्य होते. बार्शीला 1987 मध्ये ग्रामीण नोंदणी सुरू करताना असे कागद पुरेसे नव्हते. म्हणून तेथील कार्यकर्ते गावोगाव फिरले, लोकांशी बोलले, संशयास्पद लक्षणे विचारीत रुग्णापर्यंत पोचले. गडचिरोली जिल्ह्यात राणी आणि अभय बंग यांनी दोन खेड्यांतील 650 स्त्रियांची तपासणी करून 1989 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास तर नोंदींच्या मौनाचाच पुरावा आहे. 92 टक्के स्त्रियांत स्त्रीरोग आढळले. परंतु पूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या 8 टक्के होत्या. ‘अंगावरून जाते’ एवढे अर्धे वाक्य बोलून जी थांबते, तिचा केसपेपर निघतच नाही, आणि रुग्णालयीन सामग्रीवर विसंबणाऱ्याला ती निरोगी दिसते.

घरच्यांना विचारून मृत्यूचे कारण ठरविण्याच्या पद्धतीत, विशेषतः दशलक्ष मृत्यू अभ्यासात, रकान्यांबरोबर घरच्या माणसाचे कथनही स्थानिक भाषेत लिहून घेतले गेले आणि ती भाषा वाचणाऱ्या दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे कारण ठरविले. दोघांत मतभेद झाला तर कथनाकडे परत जाता येत होते. हीच या पद्धतीची खरी शक्ती. खूण केलेल्या चौकटीकडे परत जाऊन काही उपयोग नसतो. ती दुसऱ्यांदा वाचली तरी तेच सांगते.

आता रुग्णालयांचे कागद संगणकात जात आहेत, आणि 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने विहित मानकांच्या अटीवर संशोधनाला व सांख्यिकीला सूट ठेवली आहे. म्हणजे गोवंडीचे केसपेपर पुढील काळात पुष्कळ निबंधांना पुरतील. मात्र त्या कागदांवरील ‘मुख्य तक्रार’ हा मजकूर पाहावा. रुग्ण हिंदीत वा मराठीत बोलतो. ओपीडीतील डॉक्टर घाईत त्याचे दोन इंग्रजी शब्द करतो. पुढे त्या दोन शब्दांचा एक सांकेतिक अंक होतो. दोन भाषांतरे झाली, आणि मूळ संहिता कोणीच जपली नाही. जुन्या पोथीच्या संपादनात असा पाठ कोणी प्रमाण मानला असता तर मराठीचा कोणताही परीक्षक त्याला हटकल्यावाचून राहिला नसता. केसपेपरवर रुग्णाचे पहिले वाक्य त्याच्याच शब्दांत लिहावयास अर्धी ओळ लागते, आणि तो राहतो तो मजला लिहावयास एक अक्षरही पुरते.