‘कौन प्रवीण तांबे?’ : पदार्पणाआधी जे खेळलं गेलं, ते काय होतं?

प्रवीण तांबेची गोष्ट एका वाक्यात सांगता येते : प्रथम श्रेणीचा एकही सामना न खेळलेल्या मुंबईच्या लेगस्पिनरने ७ मे २०१३ रोजी, वयाच्या ४१व्या वर्षी, राजस्थान रॉयल्सकडून आयपीएलमध्ये पदार्पण केलं. जयप्रद देसाई दिग्दर्शित ‘कौन प्रवीण तांबे?’ (२०२२) हा चित्रपट याच वाक्याकडे धावतो. माझी तक्रार या धावण्याबद्दल आहे.

आधी जमलेलं सांगतो. श्रेयस तळपदे. ‘इक्बाल’मध्ये (२००५) तो संधी मिळालेला पोरगा होता, इथे संधी न मिळता वय वाढत गेलेला माणूस आहे. दोन्ही चित्रपट पाठोपाठ बघा, गंमत कळेल. नोकरी, संसार आणि नेट्स यांची रोजची ओढाताणही खरी वाटते.

पण पटकथेला खलनायक हवा होता, म्हणून परमब्रत चॅटर्जीचा पत्रकार येतो. तो तांबेला सतत हिणवतो. प्रत्यक्षात मुंबईच्या फिरकीच्या रांगेत त्या काळात साईराज बहुतुले, नीलेश कुलकर्णी, रमेश पोवार होते. त्यांनी तांबेचं काही वाईट केलं नव्हतं. ते चांगले होते, एवढंच. आमच्या आयटीतही ‘बेंच’वर बसलेल्या प्रत्येकाचा कुणी शत्रू नसतो, प्रोजेक्टमध्ये जागाच कमी असतात. राग काढायला माणूस सापडत नाही, हे जास्त छळतं. चित्रपट ते दुःख टाळतो.

दुसरी गोष्ट याहून मोठी. पदार्पण हेच शिखर ठरवलं की आधीची वीसेक वर्षं म्हणजे नुसती वेटिंग लिस्ट होते. तांबे तेव्हा वाट बघत बसला नव्हता, खेळत होता. कांगा लीग भर पावसाळ्यात, ओल्या खेळपट्टीवर होते. टाइम्स शील्डमध्ये कंपन्यांचे संघ उतरतात. ओरिएंट शिपिंगसारख्या संघाकडून खेळतानाच तो मध्यमगती सोडून लेगस्पिनकडे वळला. तिथल्या विकेटही विकेटच होत्या.

मी त्र्यंबकेश्वरचा. श्रावणात तिसऱ्या सोमवारी इथे ब्रह्मगिरीची फेरी असते. लोक रात्रभर चालतात आणि निघाले तिथेच परत येतात. तुम्ही कुठे पोचलात, असं त्यांना कुणी विचारत नाही. क्रिकेटपटूला मात्र आपण तेवढंच विचारतो. माझ्या वयाचे, पंचविशी ओलांडलेले मित्र रविवारी टेनिस बॉलच्या स्पर्धा खेळतात. ‘आता काय उपयोग?’ हा प्रश्न त्यांना घरूनच येतो. चित्रपटाचं उत्तर : उपयोग होतो, बघा, आयपीएल मिळालं! म्हणजे मिळालं नसतं, तर प्रश्न विचारणारे बरोबर ठरले असते.

तांबेची पुढची कारकीर्द याला परस्पर उत्तर देते. २०१३च्या चॅम्पियन्स लीगमध्ये १२ बळी, त्याच वर्षी रणजी पदार्पण, २०१४मध्ये कोलकात्याविरुद्ध हॅटट्रिक. नंतर गुजरात लायन्स, सनरायझर्स हैदराबाद. ४८व्या वर्षी कोलकात्याने २० लाखांना घेतलं. पण आधी परदेशी टी-१० लीग खेळल्यामुळे त्याला आयपीएल खेळता आलं नाही. मग २०२०मध्ये तो कॅरिबियन लीगमध्ये त्रिनबागोकडून खेळला. ज्याला फक्त पोचायचं होतं, तो २०१३लाच थांबला असता.

चित्रपट जरूर बघा. फक्त शेवटच्या टाळ्यांच्या वेळी कांगा लीगमधल्या त्या बाकी बॉलर्सची आठवण ठेवा, ज्यांच्यावर कुणी चित्रपट काढणार नाही. तेही क्रिकेटच खेळले.