स्वतःच्या जबाबदारीवर : समलिंगी प्रवाशाचे वाङ्मय

मराठी प्रवासवर्णनात 'मी' असतो आणि बहुतेक वेळा त्या 'मी'सोबत आणखी कोणी असते. गोडसे भटजी 'माझा प्रवास'मध्ये काकांबरोबर निघतात. पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई'त सुनीताबाई बरोबर आहेत आणि पुस्तकातला निम्मा विनोद त्या सोबतीतून येतो. पुढच्या काळात सहलीचा ग्रुप आला, मुलाकडे अमेरिकेत जाणारे आईवडील आले. ही सगळी नाती वाचकाला आधीच ठाऊक असतात. हॉटेलच्या काउंटरवर 'दोघांना एक खोली' असे सांगताना मराठी प्रवासवर्णनाचा निवेदक कधी अडखळलेला नाही. तो अडखळतो ते परक्या भाषेत, परक्या जेवणात, फार तर परक्या स्वच्छतागृहात.

नेमक्या याच काउंटरवर जो अडखळतो, त्याचे प्रवासवाङ्मय कोणते? दोन पुरुषांनी एकाच पलंगाची खोली मागावी की नाही, मागितली तर कोणत्या देशात मागावी, विचारणा झाली तर भाऊ म्हणावे की मित्र, हे प्रश्न ज्याच्या तिकिटाबरोबरच येतात त्याच्यासाठी काय लिहिले गेले? या लेखात दोन प्रकारच्या संहिता शेजारी ठेवून पाहायच्या आहेत. एक माहितीपुस्तकांची आणि दुसरी साहित्यकृतींची. त्यांना एकत्र वाचले की 'सुरक्षित प्रवास' या साध्या वाटणाऱ्या शब्दांत किती गोष्टी दडल्या आहेत ते दिसू लागते.

संक्षेपांचे व्याकरण

या माहितीपुस्तकांच्या आधीचे एक पुस्तक लक्षात घेतले पाहिजे. १९३६ साली न्यूयॉर्कच्या हार्लेममधील टपाल कर्मचारी व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी कृष्णवर्णीय मोटारप्रवाशांसाठी 'ग्रीन बुक' काढले. कोणत्या गावात मुक्काम मिळेल, कुठे जेवता येईल, कुठे पेट्रोल भरता येईल, याची ती यादी होती. जगाने ज्याला दार बंद केले त्याच्यासाठी उघड्या दारांची यादी करणे, हा वाङ्मयप्रकार म्हणायचा तर इथून सुरू होतो. १९६०च्या दशकाच्या मध्यात सॅन फ्रान्सिस्कोत बार चालवणाऱ्या बॉब डॅमरन यांनी स्वतःच्या फिरतीतून जमवलेले पत्ते छोट्या पुस्तकात छापले आणि अमेरिकेतील समलिंगी पुरुषांच्या खिशात ते पोचले. १९७० साली 'स्पार्टाकस' हे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक निघाले आणि जगभरातील शहरे एका जाडजूड पुस्तकात आली.

ही पुस्तके समीक्षकाने वाचावीत अशी आहेत, कारण त्यांची भाषा विलक्षण आहे. तिच्यात क्रियापदे जवळजवळ नाहीत. शहराचे नाव, जागेचे नाव, पत्ता आणि पुढे अक्षरांचे संक्षेप. कोणत्या वयाचे लोक येतात, नाच असतो का, जेवण मिळते का, हे सगळे एकदोन अक्षरांत. पुस्तक चुकून कोणाच्या हाती पडले तर फारसा बोध होऊ नये आणि ज्याला हवे त्याला सगळे कळावे, असे हे लेखन आहे. त्यातला सर्वांत बोलका संक्षेप चार अक्षरांचा आहे : ए-वाय-ओ-आर. अर्थ, 'स्वतःच्या जबाबदारीवर'. एखादी बाग, एखादा घाट, रेल्वे स्थानकाचा एखादा कोपरा यांच्यापुढे तो छापलेला असे. इथे पोलीस येऊ शकतात, मारहाण होऊ शकते, लुबाडणूक होऊ शकते. तरीही इथे माणसे भेटतात. भीती आणि आनंद एकाच ओळीत, एकाच पत्त्यावर नोंदवणारे दुसरे माहितीपुस्तक क्वचितच सापडेल. सामान्य पर्यटनाचे पुस्तक धोक्याची जागा वगळते. या पुस्तकाला ती वगळता येत नव्हती, कारण ती वगळली असती तर अनेक शहरांची पानेच कोरी राहिली असती.

पण या संहितेची मर्यादाही तिथेच आहे. 'स्वतःच्या जबाबदारीवर' हा इशारा वाचणाऱ्यासाठी आहे. त्या बागेत जो रोज येतो, जो त्या शहरातच राहतो, त्याची जबाबदारी कोणाची, हे यादी सांगत नाही. पाहुणा चार दिवसांनी विमानात बसतो. यजमान मात्र तिथेच असतो.

दोन माणसे, दोन पासपोर्ट

हा फरक साहित्यात सर्वांत कठोरपणे आला तो ख्रिस्तोफर इशरवूड यांच्या लेखनात. १९२९ साली हा इंग्रज तरुण बर्लिनला गेला. १९३९च्या 'गुडबाय टू बर्लिन'मध्ये त्याचा निवेदक आहे तो तटस्थ, सगळे टिपणारा, स्वतःविषयी मौन राखणारा. तो बर्लिनमध्ये का आला आहे, हे वाचकाला कळत नाही. १९७६ साली, वयाची सत्तरी ओलांडल्यावर, इशरवूड यांनी 'ख्रिस्तोफर अँड हिज काइंड' लिहून तो वगळलेला भाग परत जोडला : बर्लिनला जाण्याचे कारण तिथल्या तरुणांचा सहवास हे होते.

या दुसऱ्या पुस्तकाला अनेकदा कबुलीजबाब म्हणून वाचले जाते. माझ्या मते ते प्रवासवर्णन म्हणून अधिक मोठे आहे. त्याच्या मध्यभागी इशरवूड आणि हाइन्झ हा त्यांचा जर्मन सोबती यांची भटकंती आहे. नाझी सत्तेवर आल्यावर १९३३ साली दोघे जर्मनी सोडतात आणि चार वर्षे देशामागून देश बदलत राहतात. कॅनरी बेटे, कोपनहेगन, अॅमस्टरडॅम, पोर्तुगाल. नावांची यादी वाचली तर एखाद्या टूर कंपनीचे माहितीपत्रक वाटावे. प्रत्यक्षात प्रत्येक मुक्काम हा हाइन्झच्या परवान्याची मुदत आहे. जानेवारी १९३४ मध्ये इंग्लंडच्या हार्विच बंदरावर अधिकाऱ्याने हाइन्झला आत येऊ दिले नाही. इशरवूड मात्र त्याच बंदरातून हवे तेव्हा आपल्या घरी जाऊ शकत होते. मे १९३७ मध्ये लक्झेंबर्गमधून बाहेर काढल्यावर हाइन्झला जर्मनीत पाऊल टाकावे लागले आणि तिथे त्याला अटक झाली. तुरुंगवास, सक्तीची श्रमसेवा आणि मग सैन्यात भरती, अशी शिक्षा झाली.

प्रेम दोघांचे होते, प्रवासही एकच होता. पण एकासाठी ती सफर होती आणि दुसऱ्यासाठी फरारीपण, कारण दोघांचे पासपोर्ट वेगळे होते. समलिंगी प्रवाशासाठी 'सुरक्षित देश' असा शब्द वापरताना 'कोणासाठी सुरक्षित' हा प्रश्न कसा टाळता येत नाही, ते हे पुस्तक तत्त्वचर्चा न करता, तारखा आणि शिक्के यांच्या भाषेत दाखवते.

देवासचा न्हावी

दुसरे उदाहरण मराठी वाचकाच्या अधिक जवळचे आहे. ई. एम. फॉर्स्टर १९१२-१३ मध्ये आणि पुन्हा १९२१ मध्ये देवास थोरल्या पातीच्या संस्थानात आले. दुसऱ्या वेळी ते महाराज तुकोजीराव पवार (तिसरे) यांचे खासगी सचिव होते. हे मराठा संस्थान. महाराज कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींचे जावई. त्या वर्षीचा गोकुळाष्टमीचा उत्सव फॉर्स्टर यांनी पत्रांतून सविस्तर लिहिला आणि 'अ पॅसेज टू इंडिया'च्या शेवटच्या भागाला त्यातूनच रंग मिळाला. ती पत्रे १९५३ साली 'द हिल ऑफ देवी' या पुस्तकात आली. पुस्तक लोभस आहे. गोंधळलेला दरबार, अर्धवट बांधलेला राजवाडा, भाविक आणि दिलदार राजा, आणि या सगळ्याकडे मिस्कील प्रेमाने पाहणारा इंग्रज.

या पुस्तकातून एक माणूस वगळलेला होता. त्याची हकीकत फॉर्स्टर यांनी वेगळी लिहून ठेवली होती; ती त्यांच्या मृत्यूनंतर, १९८३ च्या आवृत्तीत छापली गेली. देवासमध्ये आपल्या ओढीची वाच्यता होईल या भीतीने फॉर्स्टर यांनी महाराजांपाशी मन मोकळे केले. महाराजांनी तिरस्कार दाखवला नाही. उलट कनाया नावाचा न्हावी त्यांच्याकडे येत राहील अशी व्यवस्था केली. पाहुण्याची सोय झाली. दरबारात कुजबुज आणि थट्टा सुरू झाली आणि फॉर्स्टर यांच्या नोंदीतली पुढची पाने अस्वस्थ करणारी आहेत. समोरचा माणूस दबत जातो आणि त्याच्या दबण्यातून आपल्यात क्रूरता जागी होते, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे.

१९५३ साली हे छापणे अशक्य होते. इंग्लंडमध्ये समलिंगी संबंध १९६७ पर्यंत गुन्हा होता. तेव्हा वगळण्याबद्दल लेखकाला दोष देण्यात अर्थ नाही. पण समीक्षकाने एक गोष्ट नोंदवली पाहिजे : 'द हिल ऑफ देवी' इतके लोभस आहे याचे एक कारण म्हणजे त्यात कनाया नाही. तो आला की मिस्कील पाहुणा आणि दिलदार यजमान यांच्यामध्ये एक तिसरा माणूस उभा राहतो, ज्याला 'नाही' म्हणण्याची सोय नव्हती. फॉर्स्टर देवासमध्ये सुरक्षित होते ते राजाच्या शब्दामुळे. कनायाला तसा शब्द कोणी दिला नव्हता. आणि त्याची बाजू सांगणारा एकही कागद आपल्यापाशी नाही. जे कळते ते पाहुण्याच्याच लेखणीतून. मराठी दरबारात घडलेल्या या प्रसंगाचा मराठीत विचार व्हायला हवा होता. आपण देवासचा उत्सव उचलला आणि न्हावी तिथेच सोडला.

कायद्याचा प्रवास

आजची माहितीपुस्तके पडद्यावर आली आहेत. 'स्पार्टाकस' दरवर्षी देशांची क्रमवारी लावते. कायदे, विवाहाचा हक्क, छळ अशा निकषांवर गुण मिळतात. ही क्रमवारी निरुपयोगी नाही. साठाहून अधिक देशांत समलिंगी संबंध आजही गुन्हा आहे आणि तिकीट काढण्यापूर्वी ते ठाऊक असणे ही किमान काळजी आहे. भारतीय प्रवाशाला तर या नकाशात ओळखीचा आकडा पुन्हापुन्हा भेटतो. १८६० च्या भारतीय दंड संहितेतले कलम ३७७ इंग्रजांबरोबर वसाहतींमधून फिरले. सिंगापूरमध्ये ते ३७७-अ होते. तिथल्या संसदेने २०२२ मध्ये ते रद्द केले. मलेशियात त्याच आकड्याखाली आजही दीर्घ तुरुंगवास आणि फटक्यांची शिक्षा आहे. श्रीलंकेत कलम ३६५ आणि ३६५-अ कायम आहेत. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते ३७७ मोडीत काढले. म्हणजे मुंबईहून क्वालालंपूरला उतरणारा प्रवासी घरी सोडून आलेल्या कायद्यालाच पुन्हा भेटतो. उलट व्हिसाशिवाय जाता येते त्या नेपाळमध्ये सर्वोच्च न्यायालयाने २००७ सालीच समान हक्कांच्या बाजूने निकाल दिला, तैवानने २०१९ मध्ये विवाह मान्य केला आणि थायलंडमध्ये २३ जानेवारी २०२५ पासून असे विवाह नोंदले जाऊ लागले. दोघांनी मोकळेपणाने हिंडायचे तर युरोपपर्यंत जायलाच हवे असे आता राहिलेले नाही.

तरीही गुणांची क्रमवारी काय लपवते, ते कैरोने दाखवले. ११ मे २००१ च्या रात्री नाईल नदीवरच्या 'क्वीन बोट' या नाचगाण्याच्या नौकेवर पोलिसांनी धाड घातली. परदेशी पाहुण्यांना सोडून देण्यात आले. इजिप्शियन पुरुषांना नेले. ५२ जणांवर खटला चालला आणि २३ जणांना शिक्षा झाली. त्या रात्री पर्यटक सुरक्षित होते. पुढे काळ बदलला तसा बोटीची जागा फोनने घेतली. २०१४ मध्ये इजिप्तमधील पोलीस भेटीगाठींच्या अॅपवरून माणसे शोधत असल्याच्या बातम्यांनंतर 'ग्राइंडर'ने अंतर दाखवण्याची सोय तिथे बंद केली. अशा देशात अॅप न उघडणे, फोनमधले फोटो आणि संदेश आवरून निघणे, हे सल्ले प्रवाशासाठी दिले जातात आणि ते योग्यच आहेत. पण त्याच फोनमध्ये यजमानाचे नाव आणि चेहराही असतो. पाहुण्याने घेतलेली काळजी यजमानाच्या गळ्याचा फास ढिला करते, हा भाग सल्ल्यांच्या यादीत क्वचित येतो.

समकालीन कादंबरीही या बाबतीत निर्धास्त आहे. अँड्रू शॉन ग्रीअर यांची 'लेस' (२०१७, पुलित्झर २०१८) ही पन्नाशीला आलेल्या समलिंगी लेखकाची जगप्रदक्षिणा आहे. जुन्या प्रियकराच्या लग्नाला जावे लागू नये म्हणून तो आलेली सगळी निमंत्रणे स्वीकारतो. मेक्सिको, जर्मनी, इटली, मोरोक्को, केरळ, जपान. कादंबरी हसवते आणि हळवीही करते. समलिंगी माणसाला प्रवासात पोलिसांऐवजी वयाची, एकटेपणाची, हरवलेल्या सामानाची काळजी करता यावी, हे स्वातंत्र्य तिने मिळवले आहे आणि ते लहान नाही. मात्र कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा भारतात ३७७ लागू होते आणि मोरोक्कोत असे कलम आजही आहे. आर्थर लेसच्या कथानकाला त्याचा अडसर होत नाही. अमेरिकन पाहुण्याला तो होणारही नव्हता. 'अपूर्वाई'तल्या निवेदकाला जे सहज मिळाले होते ते आर्थर लेसला मिळाले, पण पासपोर्टाच्या रंगासह.

मराठीतली कोरी पाने

मराठीत समलिंगी अनुभवाचे लेखन नाही असे म्हणता येत नाही. तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट', बिंदुमाधव खिरे यांची 'पार्टनर', सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' ही नावे वाचकांना ठाऊक आहेत. यातले मुख्य नाट्य घर, कॉलेज, शहर यांच्या चौकटीत घडते. 'कोबाल्ट ब्लू'मध्ये तर परका माणूसच पाहुणा म्हणून घरात राहायला येतो. घराबाहेर पडून, सोबत्याबरोबर परदेशात हिंडणारा समलिंगी 'मी' मात्र आपल्या प्रवासवर्णनांच्या भरगच्च कपाटात मला सापडत नाही. असे प्रवासी नाहीत म्हणून असे घडते, हे मानायला मी तयार नाही. पुण्या-मुंबईतून बँकॉकला जाणाऱ्या विमानात ते बसलेले असतात. परत आल्यावर फोटो दाखवताना सोबत्याला 'ऑफिसमधला मित्र' म्हणतात. प्रवासवर्णन लिहायचे तर आधी ते दोन शब्द खोडावे लागतील आणि ते खोडण्याची किंमत परदेशात नसते, ती घरी परतल्यावर द्यावी लागते.

असे पुस्तक कोणी लिहील तेव्हा त्याच्यापुढे वरचे सगळे पूर्वसुरी असतील. डॅमरनच्या यादीतून त्याला कळेल की भीती आणि आनंद एका ओळीत लिहिता येतात. इशरवूडकडून कळेल की सोबत्याच्या पासपोर्टाचाही हिशेब ठेवायचा असतो. आणि देवासच्या हकीकतीतून कळेल की जिथे आपली सोय झाली तिथे ती कोणाच्या जिवावर झाली, हे विचारल्याशिवाय प्रवासवर्णन पूर्ण होत नाही. हॉटेलच्या काउंटरवरचा प्रसंग त्याने जरूर लिहावा. फक्त काउंटरच्या पलीकडे उभा असलेला कारकून, जो चावी देताना क्षणभर थांबला आणि काहीच न विचारता हसला, तोही त्या पानावर असावा. त्याच्या शहरात त्याला तशी चावी कोणी देते का, हा प्रश्न त्या पुस्तकाने विचारायचा आहे.