भामचंद्राचा डोंगर आणि ध्यानाची जागा

चाकण औद्योगिक वसाहतीच्या दुसऱ्या टप्प्यातून भामचंद्राच्या डोंगराकडे जाताना कंटेनरांची रांग चुकवावी लागते. वर गुहेत आलेला जो तो म्हणतो, 'इथं तेव्हा किती शांतता असेल! म्हणूनच तुकोबांचं मन स्थिरावलं.' आधी शांतता, मग स्थिरता, असे हे गृहीत आहे. गाथेला ते मान्य आहे का?

या गृहीताला आधार मिळतो तो ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात. गीता ध्यानासाठी स्वच्छ जागा सांगून पुढे जाते. ज्ञानदेव तिथे अख्खा परिसर उभा करतात. बसल्यावर उठवू नये अशी जागा, जवळ पाणी, मंद वारा. माणसांची वर्दळ नाही, श्वापदांचा वावर नाही. मात्र मधूनच कोकिळा आली, एखादा मोर आला-गेला, तर त्याला आपली ना नाही, असेही ते म्हणतात. निरूपणकार ही सवलत सहज ओलांडून जातात. मला ती फार मोलाची वाटते. संपूर्ण निःशब्दतेचा हट्ट ज्ञानदेवांनीही धरलेला नाही.

तुकोबांकडे तर चित्रच उलटे. भामगिरीवरच्या वास्तव्याच्या अभंगात साप, विंचू, वाघ अंगाशी झोंबतात आणि पंधरा दिवसांत साक्षात्कार होतो. ज्ञानदेवांनी जागेबाहेर ठेवलेली श्वापदे इथे थेट अंगावर आहेत. भाविक याला चमत्कार म्हणतात, अभ्यासक रूपक म्हणून मोकळे होतात; घाई दोघांचीही. गुरुदेव रानडे यांनी १९३३च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात तुकोबांच्या तळमळीला ख्रिस्ती संतांच्या 'आत्म्याच्या काळोख्या रात्री'ची चौकट लावली. ती उपयोगी आहे, पण तिच्यात रात्र सरते आणि उजाडते. वृक्षवेलींना सोयरे म्हणणाऱ्या अभंगात, एवढ्या सुखाच्या एकांतातही, तुकोबांचा स्वतःशी वाद चालूच आहे. मन गप्प बसलेले नाही. ते बोलते आहे आणि त्याला उत्तरही मिळते आहे. मन स्थिर करणे म्हणजे या वादातून पळ न काढणे, असा अर्थ मी लावतो.

या अर्थाचा गैरवापरही होतो. २००८ साली शिंदे-वासुलीत डाऊ केमिकलच्या संशोधन केंद्राला वारकऱ्यांनी विरोध केला, तेव्हा पाळीवरचे आमचे काही सोबती म्हणत, 'खरा साधक गोंगाटातही बसेल, तुकोबा सापांत बसलेच की!' तेव्हा मला उत्तर सुचले नव्हते. आता सुचते : ते साप-विंचू त्या डोंगराचेच होते, कुणी आणून सोडलेले नव्हते.