नदी-अभ्यास आणि महाविद्यालयाचे वेळापत्रक : जालना जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पर्यावरण अभ्यास हा विषय पदवी स्तरावर अनिवार्य झाला. त्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने सिद्ध केलेल्या ५० तासिकांच्या अभ्यासक्रमात ५ तासिका क्षेत्रकार्याला व १०० पैकी २५ गुण त्याच्या मूल्यमापनाला होते. विद्यार्थ्याने परिसरातील नदी, वन, गवताळ प्रदेश किंवा डोंगर यांची प्रत्यक्ष नोंद करावी, अशी त्यात अपेक्षा होती. २०२३ च्या नव्या मार्गदर्शक तत्त्वांतही क्षेत्रकार्याला स्थान आहे. तरतूद नाही, ही सबब त्यामुळे टिकत नाही. तरीही जालन्याचा विद्यार्थी कुंडलिका, दुधना वा पूर्णा या नद्यांपर्यंत का पोहोचत नाही, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

याचे उत्तर बहुधा विद्यार्थ्यांच्या अनास्थेत शोधले जाते. एका वर्षी प्रस्तुत लेखकाने तपासलेल्या नदीविषयक प्रकल्पवह्यांत गंगेच्या प्रदूषणाचा एकच परिच्छेद अनेकांनी उतरवलेला होता. कुंडलिकेचा उल्लेख असलेल्या वह्या बोटांवर मोजण्याइतक्या. परंतु वह्या भरून घेण्याचा काळ पाहिला, तर सारा दोष विद्यार्थ्यांच्या माथी मारता येत नाही. मराठवाड्यातील लहान नद्या जून ते ऑक्टोबर या काळातच खऱ्या अर्थाने वाहतात. महाविद्यालयात हा काळ प्रवेश, चाचण्या आणि सत्र परीक्षा यांत जातो. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे विशेष शिबिर सामान्यतः हिवाळ्यात भरते. रिकाम्या सिमेंटच्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारा घालायचा तो पावसाळा सरताना, ओढ्याला धार असताना. जानेवारीत घातलेला बंधारा छायाचित्रापुरता उरतो. विद्यार्थ्याची नदीशी भेट होते तेव्हा नदीत पाणी नसते, ही या उपक्रमांची मूळ विसंगती आहे.

या संदर्भात उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅमन माशाचे शालेय उपक्रम विचारात घेण्यासारखे आहेत. तेथे मुले वर्गातील टाकीत अंडी वाढवतात व पिल्ले ओढ्यात सोडतात. अंडी केव्हा फुटतील, हे शाळा ठरवू शकत नाही. शाळेला माशाच्या कालक्रमाशी जुळवून घ्यावे लागते. आपल्याकडे सॅमन नाही. मात्र पहिल्या पुराबरोबर अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध निघणारे ‘चढणीचे मासे’ आहेत. अंड्यांनी भरलेले हे मासे नेमके याच वेळी पकडले जातात. मासा कोणत्या ओढ्याने चढतो, कोठे अडतो आणि कोणता मासा आता दिसेनासा झाला, हे भोई समाजातील जाणती माणसे सांगू शकतात. आमच्या संदर्भसूचींत मात्र त्यांना जागा नसते.

समाजाच्या सहभागाचा विचार करताना जालना तालुक्यातील कडवंची वगळता येणार नाही. इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमात श्रमदान, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी या अटी होत्या. गावाने त्या स्वीकारल्या आणि खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राची साथ त्याला लाभली. पुढे गाव द्राक्षे आणि शेततळी यांसाठी नावारूपाला आले. या यशाचे गोडवे गाणाऱ्या लेखनात एक प्रश्न सहसा टाळला जातो : विहिरीचे पाणी उपसून प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात भरले, तर त्याचा भूजलावर आणि ओढ्याच्या प्रवाहावर काय परिणाम होतो? विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षे विहिरींची पातळी मोजली असती, तर जिल्ह्यातील महाविद्यालयांजवळ याचे स्वतःचे उत्तर असते. जालना शहराला पाणी देणाऱ्या निजामकालीन घाणेवाडी तलावाचेही तसेच. त्यातील गाळ काढण्यासाठी नागरिक पुढे आले. त्या कामात आमच्या विद्यार्थ्यांचा वाटा बहुतांशी एका दिवसाच्या फेरीपुरता राहिला.

क्षेत्रकार्याच्या ५ तासिका एकाच सहलीत संपवण्याऐवजी जुलै, सप्टेंबर, ऑक्टोबर, डिसेंबर आणि मार्च अशा विभागाव्यात. नदीवरील एकच ठिकाण आणि त्याच चार विहिरी दरवर्षी नव्या तुकडीकडे सोपवाव्यात. पुराच्या दिवसांत पात्रात कोणी उतरू नये. काठावरील खुणेवरून पातळी वाचता येते. परीक्षेच्या वेळापत्रकात हे बसत नाही, असा आक्षेप येईल आणि तो खोटा नाही. सप्टेंबरचा एक शनिवार मोकळा करण्यासाठीसुद्धा विभागप्रमुखाची मनधरणी करावी लागते, हा अनुभव अनेकांना असेल. मूल्यमापन झाल्यावर प्रकल्पवह्या रद्दीत जातात. त्यांतील नोंदींची एक प्रत ग्रंथालयात व दुसरी संबंधित ग्रामपंचायतीत ठेवण्यास मात्र कोणत्याही परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही.